पोटरीतली धाकटी पाती

देवासला एकाच गावात दोन गाद्या होत्या. तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंपासून थोरली पाती आणि धाकटी पाती असे दोन कारभार शेजारी शेजारी चालले, ते 1948 मध्ये संस्थानं विलीन होईपर्यंत. माणसाच्या देहात रक्ताचा कारभारही असाच चालतो. थोरली पाती छातीत, तिचाच सगळीकडे डंका. धाकटी पोटरीत. तिची आठवण होते ती कारखान्यातली पाळी संपवून बूट काढल्यावर, पाय भरून आलेले असतात आणि गुडघ्याखाली निळ्या-जांभळ्या, वेड्यावाकड्या शिरा तटतटलेल्या दिसतात तेव्हा.

हृदयातून पायापर्यंत रक्त उतरतं, त्यात नवल नाही. नवल आहे ते परत चढण्यात. उभ्या माणसाच्या घोट्यापासून हृदयापर्यंत सुमारे चार फुटांचा रक्तस्तंभ असतो आणि घोट्याजवळच्या शिरेत त्याचा दाब साधारण 90 मिलिमीटर पारा भरतो. हे रक्त वर ढकलते ती पोटरी. पाऊल टाकलं की तिचा स्नायू आवळतो, आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर सरकतं. ते मागे फिरू नये म्हणून शिरेत ठिकठिकाणी दोन नाजूक पाकळ्यांच्या झडपा असतात. चार पावलं चाललं की तोच दाब तिसाच्या आसपास उतरतो!

पादुआच्या फॅब्रिशियस या शरीररचनातज्ज्ञाने 1603 मध्ये या झडपांची सुरेख चित्रं छापली, पण रक्त पायात साचू नये म्हणून त्या त्याचा वेग रोखतात, असा त्याचा समज होता. त्या एकाच दिशेने, हृदयाकडे उघडतात, हे ओळखलं त्याचा शिष्य विल्यम हार्वे याने. 1628 च्या त्याच्या रक्ताभिसरणाच्या सिद्धांताला या इवल्या झडपांचा मोठा आधार होता.

आता धार जिल्ह्यातल्या पीथमपूरच्या किंवा देवासच्या एखाद्या कारखान्यात यंत्रापुढे उभ्या माणसाची पोटरी पाहा. आठ तास एकाच जागी. स्नायू ताठ, पण आवळणं-सुटणं नाही, पंप बंद. शिरा ताणतात, पाकळ्या एकमेकींना भिडेनाशा होतात, वरची झडप गळली की भार खालचीवर येतो. आनुवंशिकता, बाळंतपणं, वय आणि वजन यांचाही यात वाटा असतो. उलट देवासच्याच चामुंडा टेकडीच्या पायऱ्या चढणारा घामाघूम होतो खरा, पण त्याची पोटरी पायरीगणिक पंप मारते. म्हणजे दोष निव्वळ मेहनतीचा नाही, थिजून उभं राहण्याचा जास्त. सुश्रुताने सिराजग्रंथीचं, म्हणजे अशा फुगलेल्या शिरांच्या गाठींचं खापर दुर्बळ माणसाच्या अतिश्रमावर फोडलं. माझ्या मते ते अर्धंच बरोबर. पोती उचलणाऱ्यांपुरतं मात्र त्यात तथ्य आहे: श्वास कोंडून ओझं उचललं की पोटातला दाब वाढतो आणि वर जाणारं रक्त अडतं. म्हणून उचलताना श्वास सोडावा.

या त्रासावर जे घट्ट मोजे घालतात, त्यांची गोष्ट तर फारच गमतीची. अमेरिकेतल्या कॉनरॅड जॉब्स्ट या इंजिनिअरला हाच त्रास होता आणि पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पायांना आराम पडे. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, तसाच घोट्याशी जास्त आणि वर कमी होत जाणारा दाब त्याने 1950 च्या सुमारास मोज्यात विणला. जिराफाच्या पायाची आवळ कातडी हेच काम जन्मापासून करते.

हे मोजे सकाळी, पाय सुजण्याआधी चढवावेत. मधुमेह असेल किंवा पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. यंत्रापाशी उभ्या उभ्या टाचा वर-खाली कराव्यात, रात्री पाय छातीपेक्षा उंच ठेवावेत. यामुळे बिघडलेली झडप दुरुस्त होत नाही, पण ठणका आणि सूज कमी होते. शीर फुटून रक्त आलं तर आडवं व्हावं, पाय वर धरून जागा दाबावी. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आत गुठळी असू शकते.

उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय हवी, असं 1948 च्या कारखाना कायद्याचं 44 वं कलम सांगत होतं. केरळमधल्या दुकानांतल्या कामगारांना हा हक्क मिळायला 2018 उजाडलं, तमिळनाडूत 2021. खुर्ची मिळाली तरी पावलं हलती ठेवावी लागतात. बसून थिजलेली पोटरीही पंप मारत नाही.