मेंढी वाचवायची तर तिची वाट वाचवा

धामणकर नाक्याच्या आसपासच्या गल्ल्यांत यंत्रमागांचा खडखडाट सहसा थांबत नाही. भिवंडीत सूत येतं, कृत्रिम धागा येतो. मात्र दसऱ्यानंतर घाट उतरून ठाणे जिल्ह्यात येणाऱ्या दख्खनी मेंढीच्या लोकरीला इथे गिऱ्हाईक नाही. ही लोकर आखूड, भरड, तुटकी; यंत्राच्या वेगापुढे तिचा निभाव लागत नाही. ती हातानेच कातायची, खड्ड्यातल्या मागावर विणायची, चिंचोक्याची खळ द्यायची, तेव्हा कुठे घोंगडी होते. सनगर आणि खुटेकर धनगरांचं हे काम आता थोड्या घरांत उरलं आहे. वर्षातून दोनदा कातरणी होते, एका खेपेला मेंढीमागे जेमतेम अर्धा किलो लोकर निघते, आणि बऱ्याच ठिकाणी कातरणीची मजुरीसुद्धा तीतून सुटत नाही. मग मेंढपाळाने ही काळी मेंढी कशासाठी सांभाळावी?

उत्तर तिच्या चालण्यात आहे. संगमनेरी, लोणंद, सोलापुरी, कोल्हापुरी अशा उपप्रकारांनी ओळखली जाणारी ही जात पठारावरच्या कमी पावसात घडली. रोज मैलोन्‌मैल चालायचं, वाळल्या गवतावर भागवायचं, रात्र उघड्यावर काढायची, यासाठी ती बनली आहे. मेरिनोशी तिचा संकर करून पाहिला गेला. लोकर मऊ झाली, पण फिरस्त्या कळपांत तो रुजला नाही. तिचं खरं उत्पन्न मात्र रात्रीचं आहे. भात कापून झालेल्या खाचरात वाडा, म्हणजे मेंढपाळांचा तळ, उतरतो, मेंढ्या बसवल्या जातात, आणि सकाळपर्यंत लेंडी व मूत थेट मातीत मुरलेलं असतं. खुरांनी ते दाबलंही जातं. गाडी, हमाल, साठवण काहीच लागत नाही. बदल्यात शेतकरी धान्य किंवा रोकड देतो. खत पोचवण्याची याहून स्वस्त सोय अजून कुणाला सुचलेली नाही.

कुणी म्हणेल, महाराष्ट्रात २०१९च्या पशुगणनेत सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या, मग दुर्मिळतेची ओरड कशाला? आकडा खरा आहे, पण त्यात सगळ्या जातींची आणि मिश्र मेंढ्यांची बेरीज आहे. जत तालुक्यातल्या माडग्याळ मेंढीला उंची आहे, वजन आहे, बाजारात रुबाब आहे, लोकर मात्र नावालाच. तिचे नर दख्खनी कळपांत सोडले जातात आणि पिढीगणिक काळी लोकर विरळ होत जाते. यात मेंढपाळाचा दोष काढणं अन्यायाचं आहे. पैसा मटणाला मिळतो, आणि वारशाच्या नावाने गरिबी सांभाळ, असं त्याला सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही.

यावर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचं उत्तर मला अधिक शहाणपणाचं वाटतं. सुंदरबनातल्या चिमुकल्या गरोळ मेंढीतला जुळी देणारा जनुक या संस्थेने दख्खनी मेंढीत आणला आणि ‘सुवर्णा’ घडवली. कोकरं वाढली, तरी अंग दख्खनीच राहिलं. पण जुळी पाजायची तर आईला चारा जास्त लागतो. चारा म्हणजे पुन्हा मोकळं रान, म्हणजे पुन्हा वाट.

नेमकी ती वाटच आखडते आहे. भिवंडी तालुक्यात नाशिक महामार्गाच्या आणि ठाणे रस्त्याच्या बाजूने पूर्णा, काल्हेर, राहनाळ, मानकोलीपर्यंत भातजमिनीवर गोदामं उभी राहिली आहेत. ठाण्याकडून येणाऱ्या मेट्रो ५चा पहिला टप्पा धामणकर नाक्यापर्यंत आखलेला आहे. त्यानंतर जमिनीचे भाव उतरतील, असं कोण म्हणेल? शेतकऱ्याला गोदामाचं भाडं परवडतं, हेही खरं. काँक्रीटवर मात्र मेंढ्या बसत नाहीत. घाटमाथ्यावरची कुरणं कुंपणात जातात, महामार्गावर कळप ट्रकच्या तोंडी सापडतो, आणि खाचर गेलं की तिथे थांबण्याचं कारणच संपतं. फार्मवर शुद्ध नर पैदा करून वाटता येतील, पण चालणं फार्मवर टिकत नाही. म्हणून जातिवंत नर वाटण्याच्या योजनांआधी ठाणे जिल्ह्याच्या विकास आराखड्यात मेंढपाळांचे रस्ते, पाणवठे आणि मुक्कामाच्या जागा नोंदवल्या जाव्यात. जी खाचरं अजून शिल्लक आहेत, त्यांचीच यादी आधी करावी.