मागल्या आसाची जबानी

मोटारीच्या मागल्या भागातून येणारा आवाज मालकाला जितका अस्वस्थ करतो तितका पुढल्या भागातला करीत नाही. कारण पुढे इंजिन आहे आणि इंजिनाने काही बोलावे हे आपण मनाने मान्य केलेले असते, मागे मात्र बसायचे बाक, डिकी आणि स्टेपनी यांखेरीज काही आहे याचेच बहुतेकांना विस्मरण झालेले असते. वस्तुतः ज्या दोन गाड्यांनी आपल्या रस्त्यांवर कित्येक दशके अंमल गाजविला, त्यांचा सारा कारभार मागच्याच चाकांच्या जोरावर चालत असे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी, इटलीच्या फियाट ११०० चा वारसा सांगणारी आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली गेलेली गाडी काय, किंवा मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून बंगालमधील उत्तरपाडा येथे घडविली गेलेली अँबॅसडर काय, दोघींचे इंजिन पुढे आणि ओढ मागे. गिअरबॉक्सपासून निघालेला लांबलचक शाफ्ट गाडीच्या पोटाखालून फिरत फिरत मागे जातो, तेथे डिफरन्शियलमधली क्राऊन आणि पिनियन ही दात्यांची जोडी त्याच्या गतीला काटकोनात वळवून दोन्ही चाकांना वाटून देते, आणि हा सगळा जड संसार पोलादी पाट्यांच्या दोन कमानींवर तोललेला असतो. बाक आणि रस्ता यांच्यामध्ये इतके सांधे, इतकी बेअरिंगे आणि इतके रबरी बुश असल्यावर तीस वर्षांनी प्रत्येकाला स्वतंत्र वाचा फुटली तर नवल नाही.

अशा गाडीची फिर्याद घेऊन आलेला माणूस मेस्त्रीला हटकून एकच वाक्य सांगतो, ‘मागून आवाज येतो’. आणि मुरलेला मेस्त्री त्यातील ‘मागून’ या शब्दावर मुळीच विश्वास ठेवीत नाही. गाडीचे सारे अंग पत्र्याचे असल्यामुळे एका टोकाची थरथर दुसऱ्या टोकाला प्रकट होते, आणि खालच्या पट्टीतल्या घुमणाऱ्या आवाजाची दिशा ओळखण्यात माणसाचा कान फार कच्चा आहे. म्हणून त्याची उलटतपासणी ‘कोठून’ या प्रश्नाने सुरू न होता ‘केव्हा’ या प्रश्नाने सुरू होते. आवाज इंजिनाचा हुकूम मानतो की चाकाचा, रस्त्याचा मानतो की ओझ्याचा, एवढे एकदा निश्चित झाले की निम्मा तपास झाला असे समजावे. तत्पूर्वी डिकी रिकामी करून जॅक, पाने आणि स्टेपनी खाली काढून ठेवण्याचा जो रिवाज आहे तो हास्यास्पद वाटला तरी मोडू नये. कित्येक कज्जे तेवढ्यावरच निकालात निघतात.

गाडी जागच्या जागी उभी असताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर आवाज झाला, तर चाके आणि आस निर्दोष ठरतात व संशय सायलेन्सरच्या लोंबत्या रबरावर जातो. गिअर न्यूट्रलमध्ये टाकून उतारावर गाडी सोडली आणि आवाज तसाच राहिला, तर तो चाकांच्या गतीशी बांधलेला आहे. येथे थोडे गणितही उपयोगी पडते. पद्मिनीच्या मापाचे चाक ताशी ४० किलोमीटर वेगाला सेकंदाला सुमारे सहा फेरे घेते, आणि शाफ्ट त्याच्या चौपटीहून थोडा अधिक, म्हणजे पंचवीसच्या आसपास. सावकाश जाताना ठोके मोजता येत असले तर गुन्हेगार चाकापाशी, ड्रमपाशी किंवा टायरच्या फुगवट्यापाशी शोधावा. त्याच वेगाला ठोके एकात एक मिसळून थरथर होत असली तर शाफ्टपाशी.

सर्वांत प्रतिष्ठित आवाज म्हणजे डिफरन्शियलची घूं. ॲक्सिलरेटर दाबताना दात्यांची एक बाजू भार घेते व सोडल्यावर दुसरी; तेव्हा पाय उचलताच ज्या घूंचा सूर पालटतो ती बहुधा क्राऊन-पिनियनची. पायाशी काही देणेघेणे न ठेवता जी वेगाबरोबर चढत जाते ती चाकाच्या बेअरिंगची, आणि त्यातही मोकळ्या रस्त्यावर गाडी डावीकडे वळविताच ती वाढली तर उजव्या चाकाची, कारण वळणात भार बाहेरच्या चाकावर पडतो. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर जाताच जी बदलते तिच्यासाठी मात्र मागचा आस उघडणे म्हणजे निरपराध्याला शिक्षा. ती टायरची असते.

कमानींची कुरकुर वेगळ्या जातीची. ती खड्ड्यांत आणि मंद गतीला ऐकू येते, आणि तिचा शोध घेण्याची रीत मला या धंद्यातील सर्वांत देखणी वाटते: बाहेरून दोघांनी गाडी दाबून झुलवीत राहावे आणि एकेका बुशावर साबणाचे पाणी सोडीत जावे, ज्याला भिजविताच कुरकुर थांबते तो दोषी. साबणाचेच पाणी, कारण तेलाने रबर फुगते. जळके ऑईल पाट्यांच्या मधल्या फटींसाठी राखून ठेवावे. याउलट, आवाज ऐकण्यासाठी पोऱ्याला डिकीत कोंडून गाडी फिरविण्याची जी पद्धत काही ठिकाणी पाहण्यात येते ती निखालस वाईट आहे; सायलेन्सरचा विषारी धूर तेथे सहज शिरतो. त्यापेक्षा दोन भिंतींमधल्या अरुंद गल्लीतून काचा उतरवून गाडी हळू न्यावी, डावा आवाज डाव्या भिंतीवरून परत येतो.

अखेरचा मुद्देमाल असतो तो ऑईलचा. डिफरन्शियलमध्ये नव्वद नंबरचे, दात्यांच्या घसटीला टिकणारे, उग्र गंधाचे ऑईल घालतात. ते बोटांत चोळल्यावर करडी भुकटी लागली तर ती वयाची खूण, पण टोचणारा कण लागला तर दाता किंवा बेअरिंग फुटले. ऑईल दुधाळ दिसले तर गाडी पावसात तुंबलेल्या पाण्यातून गेलेली आहे असे खुशाल समजावे, कारण तापलेला आस पाण्यात एकदम निवतो आणि श्वासासाठी ठेवलेल्या छिद्रातून पाणी आत ओढतो.

क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलावे लागतात, आणि त्यांची बैठक जमविण्यासाठी दात्यांना तेलात कालविलेला शेंदूर लावून ठसा नेमका कोठे उमटतो ते पाहत पातळ चकत्या घालाव्या-काढाव्या लागतात. हे काम निगुतीने करणारे हात आता विरळ झाले; १९८३ च्या अखेरीस आलेल्या मारुती ८०० ने ओढ पुढच्या चाकांकडे नेली, अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, आणि मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. म्हणून ज्यांनी अशी गाडी हौसेने सांभाळली आहे त्यांना जुने मेस्त्री सांगतात की जुनी, न वाढणारी घूं असू द्यावी, ऑईलची पातळी तेवढी पाहावी. ती वर्षानुवर्षे तशीच राहू शकते. क्लच सोडताना येणारी ‘टक्’ मात्र मुदत मागून टाळू नये. चाकांना दगड लावून, गाडीखाली शिरून शाफ्ट हाताने पिळावा, त्याच्या सांध्यातल्या क्रॉसमध्ये ढिलेपणा जाणवला तर त्याच दिवशी तो बदलावा. चालत्या गाडीत शाफ्टचे पुढचे टोक निसटून रस्त्यात रुतले तर गाडी मागून उचलली जाते.