भद्रावतीच्या मातींत सोनचाफा

आपल्या भागांत चाफा म्हणतांच देवळापुढील पांढरा चाफा डोळ्यांपुढें येतो. तो मूळचा अमेरिकेंतील; सोनचाफ्याशीं त्याचें नातें नाहीं. सोनचाफा ह्याच देशाचा असून लिनियसनें १७५३ सालीं त्यास मिचेलिया म्हटलें. हल्लीं शास्त्रज्ञ त्याची गणना मॅग्नोलियांत करितात.

कोंकणांत हें झाड सहज वाढतें. भद्रावतीचा उन्हाळा मात्र ४५ अंशांवर जातो, आणि काळी जमीन पाणी धरून ठेवते. आमचें पहिलें झाड उन्हानें नव्हे, पाण्यानें गेलें: श्रावणांत आळें तुंबलें व मुळें कुजलीं. काळ्या जमिनींतील खोल खड्डा म्हणजे पावसाळ्यांतलें डबकेंच होय. त्यापेक्षां मुरूम, पोयटा व कुजलेलें शेणखत मिसळून फूटभर उंच ओटा करावा व त्यावर झाड लावावें. जागा घराच्या पूर्वेस असावी, म्हणजे दुपारचें ऊन भिंत अडविते. पहिले दोन उन्हाळे पऱ्हाट्यांचा आडोसा करून बुंध्याभोंवतीं धानाचें तणीस पसरावें.

बी लावणें असल्यास लाल गर धुऊन ताजेंच पेरावें. साठविल्यास उगवण जाते. परंतु अशा रोपास फुलें येण्यास सात-आठ वर्षें लागतात, कलमास दोन-तीन. कलम घेतांना सांधा स्वतः पाहावा. आम्हांस एकदां कलम म्हणून साधें रोपच मिळालें, व तें आठ वर्षें नुसतें पानांवर उभें होतें! सांध्याखालील धुमारे वेळच्यावेळीं काढावे.

पानें कुरतडलेलीं दिसल्यास औषधाची घाई करूं नये. बहुधा फुलपाखराची अळी असते. ती हातानें वेचली तरी पुरते.