उचल, उधारी आणि ईद

जनाजाच्या नमाजसाठी रांगा लागतात. इमाम पुढे उभे राहतात. पण नमाज सुरू होण्याआधी गेलेल्या माणसाचा मुलगा किंवा भाऊ जमलेल्यांकडे वळून म्हणतो, "यांच्याकडे कुणाचं काही देणं असेल तर सांगा. आता ते आमच्याकडे आलं." नांदूरघाटसारख्या गावात हे ऐकायला बाजूला किराणा दुकानदार असतो, शेताचा बांधकरी असतो, खत-बियाणांचा व्यापारीही असतो.

ही रीत जुनी आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर मय्यत आणली गेली की ते विचारत, याच्यावर कर्ज आहे का? एकदा कर्ज निघालं आणि ते फेडायला मागे काहीच नव्हतं. तेव्हा त्यांनी सोबत्यांना नमाज पढायला सांगितलं, स्वतः पढवली नाही. अबू कतादा यांनी ते कर्ज अंगावर घेतलं, त्यानंतरच प्रेषित पुढे आले. हदीसमध्ये असंही येतं, की शहिदाचे सगळे गुन्हे माफ होतात, कर्ज मात्र होत नाही.

केज तालुक्यातल्या या गावाला कर्ज म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. निघण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. पावसाळ्यातला घरखर्च, दवाखाना, मुलीचं लग्न आणि सण, यांत ती संपते.

आता साधा हिशेब. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. जोडीने दिवसाला दोन टन ऊस तोडला तर सुमारे ७३० रुपये होतात. एक लाखाची उचल फिटायला २७३ टन, म्हणजे जवळपास १३७ दिवस कोयता चालायला हवा. यात आजारपणाचा खाडा नाही, फडावरचा किराणा नाही. ऊस कमी असेल त्या वर्षी हंगाम शंभर दिवसांच्या आत आटोपतो. राहिलेल्या रकमेला 'बाकी' म्हणतात आणि त्या बाकीपायी पुढच्या वर्षीचे हात आजच बांधले जातात.

अशा घरात सण येतो. २०२५ साली ३० मार्चला गुढीपाडवा होता आणि ३१ मार्चला ईद. एका घरी साखरेच्या गाठी, शेजारच्या घरी शिरखुर्मा; दोन्हीकडे लेकरांच्या कपड्यांचा प्रश्न एकच. आठवडी बाजारात दुकानदार म्हणतो, "घेऊन जा, पैसे कुठं पळतात!" पैसे पळत नाहीत हे खरं, पण व्याज पळतं. खासगी सावकाराकडून शेकडा पाच रुपये महिना दराने वीस हजार घेतले, तर वर्षाला बारा हजार व्याज जातं आणि वीस हजार जागेवरच राहतात.

रमजानची आणखी एक अडचण शेतकऱ्याला चांगली ठाऊक असते. हा महिना चांद्र वर्षाचा, दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१७ आणि २०१८ मध्ये ईद जूनमध्ये आली, म्हणजे ऐन पेरणीत, हातात पैसा नसताना. सोयाबीन-कापसाचा पैसा मात्र आपल्या ठरलेल्या वेळीच येतो. सण सुगीची वाट पाहत नाही. म्हणून ईदचा खर्च ईदच्या महिन्यात उभा करायचा म्हटलं तर उधारीच होणार. तो वर्षभर थोडा-थोडा बाजूला ठेवावा लागतो. बचत गटातल्या बायका हेच करतात.

कुरआनातली सर्वांत मोठी आयत नमाज-रोजावर नाही, कर्जाच्या लिखापढीवर आहे. सूरह बकरामध्ये सांगितलंय, की मुदत ठरवा, लिहून घ्या, साक्षीदार ठेवा. त्याच सूरहमध्ये अडचणीतल्या कर्जदाराला सवड देण्याची आणि जमल्यास कर्ज सोडून देण्याची शिकवण आहे. व्याज घेणं मना आहे, तसं देणंही. बिनव्याजी दिलेल्या कर्जाला 'कर्ज-ए-हसना' म्हणतात, आणि जकात ज्या आठ प्रकारच्या लोकांना देता येते त्यांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. रमजानमध्ये जकात काढणाऱ्याने शेजारच्या कोयत्याची बाकी किती, हे विचारायला हरकत नाही.

मराठी माणसाला ही शिकवण परकी नाही. देहूच्या तुकोबांचं घराणं सावकारीचं. दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही शिकवण घेणाऱ्यासाठी आहे. इंद्रायणीतली कर्जखतं देणाऱ्यासाठी.

कर्ज अजिबात घेऊच नये, असं कुणी म्हणत नाही. पेरणीसाठी घेतलेलं पीककर्ज तीन लाखांपर्यंत असेल आणि वेळेत फेडलं, तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत त्यावर व्याज पडत नाही. विनापरवाना सावकारी २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि तिची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे करता येते. पिकासाठी घेतलेलं कर्ज पीक फेडू शकतं. कपड्यांसाठी घेतलेलं कर्ज कपडे फेडत नाहीत, ते माणसालाच फेडावं लागतं.

रोजा हेच शिकवतो. घरात पाणी असतं, भाकरी असते, आणि तरी मगरिबपर्यंत हात आखडता ठेवायचा असतो. जो तहान थोपवू शकतो त्याला उधारीवरचा ड्रेसही थोपवता येईल. ईदला नवे कपडे घालणं बंधनकारक नाही, असतील त्यांतले चांगले आणि स्वच्छ कपडे पुरे आहेत. सदका-ए-फित्र मात्र ऐपत असलेल्या प्रत्येक घराने ईदच्या नमाजआधी काढायचा असतो.

आणि कधीतरी, जनाजापुढे मुलगा वळून विचारेल, "कुणाचं काही देणं?" तेव्हा किराणा दुकानदाराने मान हलवून "काही नाही" म्हणावं, एवढी कमाई गरिबालाही करता येते.