घरचा सर्व्हर बाहेरून उघडताना

आम्हा कापडवाल्यांचे अर्धे आयुष्य बाहेरगावी जाते. माल सुरतेहून, गिऱ्हाईक मुंबईत आणि उधारीचे खाते मात्र घरच्या संगणकात. म्हणून काही व्यापारी आता घरीच छोटा सर्व्हर ठेवून त्यावर नेक्स्टक्लाउडसारखी मोफत प्रणाली चालवतात. दरमहा भाडे नाही, हिशेबही आपल्याच ताब्यात. प्रश्न एवढाच की परगावी बसून तो पाहायचा कसा?

राउटर म्हणजे मार्केटची इमारत समजा. बाहेरच्या जगासाठी तिचा पत्ता एकच. आतल्या यंत्रांचे पत्ते बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात व ते बाहेरून चालत नाहीत. पोर्ट म्हणजे दाराचा क्रमांक. हे क्रमांक ६५५३५ पर्यंत असतात. साध्या वेबसाइटचे दार ८०, कुलूपबंद म्हणजे सांकेतिक व्यवहाराचे ४४३. अमुक दारावर आलेल्यास अमुक यंत्राकडे पाठवा, असे राउटरला सांगणे म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. त्यासाठी सर्व्हरचा आतला पत्ता कायम करावा लागतो. बाहेरचा पत्ता बदलत असेल तर डायनॅमिक डीएनएस सेवेतून एक नाव घ्यावे.

आधी एक तपासणी करावी. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी आकड्यांनी सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनीने एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे. जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ४२९ कोटीच; त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. अशा जोडणीवर फॉरवर्डिंग करून उपयोग नाही. कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागावा, किंवा टेलस्केलसारखी सेवा वापरावी. तिच्यात सर्व्हर स्वतःच आतून बाहेर जोडणी करतो.

पण दार उघडले की चोरालाही ते दिसते. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या टोळीने इंटरनेटवर उघडी असलेली क्यूनॅप कंपनीची साठवणयंत्रे गाठून आतील फायलींना कुलूप लावले व खंडणी मागितली. तेव्हा कंपनीनेच ग्राहकांना पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी बंद करण्यास सांगितले. यूपीएनपी म्हणजे यंत्राने मालकास न विचारता दार उघडून घेण्याची सोय.

म्हणून आमच्या मते वायरगार्ड बरा. मार्च २०२० मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात आला. त्याला एकच दार लागते, बहुधा यूडीपी ५१८२०. योग्य किल्ली नसलेल्यास तो उत्तरच देत नाही. प्रत्येक फोनला वेगळी किल्ली द्यावी. फोन हरवला तर तेवढीच रद्द होते.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. २२, ४४५ आणि ३३८९ ही दारे बाहेर उघडू नयेत. राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा. प्रणाली वेळेवर अद्ययावत करावी. हिशेबाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती काढून ठेवावी. आणि चाचणी घरच्या वायफायवर नव्हे, मोबाइलच्या डेटावर करावी. नाहीतर बाहेरून चालते की नाही ते कळणार नाही.

उधारीच्या वहीत केवळ आपला पैसा नसतो, गिऱ्हाइकांची नावे आणि त्यांची अब्रूही असते. ती अमानत आहे. दुकानाला कुलूप लावल्याशिवाय आपण घरी जात नाही. हाच नियम सर्व्हरलाही लावावा.