बिनतारी आवाज मध्येच का तुटतो?



कर्जत-खालापूरकडच्या वाड्यांवरच्या एखाद्या शाळेत लॅपटॉप असतो आणि त्याला ब्लूटूथने, म्हणजे तारेवाचून, जोडलेला स्पीकर. गुरुजी कविता लावतात. दोन ओळी छान वाजतात, तिसऱ्या ओळीतला एक शब्द गळतो, चौथी निम्मीच येते आणि मग संबंधच तुटतो. ज्या मुलांच्या घरी कातकरी किंवा ठाकरी बोली बोलतात, त्यांच्या कानांवर पुस्तकातली मराठी अशी तुकड्यातुकड्यांनी पडली, तर गळलेला शब्द ती कुठून भरून काढणार? इकडे गुरुजी पदरचे पैसे घालून नवा स्पीकर आणायच्या विचारात! माझ्या मते, तो खर्च करण्याआधी थोडी पारख करावी.

पारख सोपी आहे. चित्र आणि आवाज दोन्ही थबकत असतील, तर दोष इंटरनेटचा; स्पीकरला बोल लावू नका. चित्र चालू राहून आवाज तेवढा तुटत असेल, तर दोष ब्लूटूथच्या वाटेवर आहे. शंका राहिली तर लॅपटॉपमध्ये साठवलेले गाणे आधी त्याच्याच कर्ण्यावर वाजवा, मग स्पीकरवर.

आता ही वाट कशी असते ते पाहू. रेडिओच्या मध्यम लहरी शेकडो मीटर लांब असतात; आड डोंगर आला तरी त्या वळसा घालून पुढे जातात. ब्लूटूथची लहर सुमारे बारा सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीची, आणि तिची ताकद वॉटच्या काही हजारांश एवढीच. तिला वळसा फारसा जमत नाही. शिवाय पाणी तिला शोषून घेते आणि माणसाचे शरीर म्हणजे बहुतांशी पाणीच की! लॅपटॉप टेबलावर, स्पीकर मागे जमिनीवर आणि मध्ये चाळीस मुले, म्हणजे मध्ये चाळीस घागरी ठेवल्यासारखेच झाले. स्पीकर मुलांच्या डोक्यांहून उंच, लॅपटॉपला दिसेल असा ठेवा. अंतर दहा मीटरांच्या आतच असू द्या.

‘पावसात हे जास्त होतं’ असे पुष्कळजण म्हणतात. वर्गाएवढ्या अंतरावर पाऊस या लहरीचे काही बिघडवीत नाही. पण पाऊस लागला की ओसरीवरची मुले आत येऊन दाटीने बसतात. वीज गेलेली असते आणि स्पीकरची बॅटरी उतरलेली असते. नाव मात्र पावसाचे!

दुसरी अडचण गर्दीची. ब्लूटूथ 2400 ते 2483 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते. हा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो, त्यामुळे वाय-फायही तिथेच मुक्काम ठोकून असते. जत्रेत दोघांनी धक्के चुकवीत, जागा बदलत बोलत राहावे, तसे ब्लूटूथ 79 मार्गांवर सेकंदाला 1600 उड्या मारते. गजबजलेले मार्ग टाळण्याची युक्तीही त्याला 2003 पासून आहे. ध्वनीचे लहान लहान पुडके जाते, हरवले तर पुन्हा पाठवले जाते, आणि तोवर स्पीकर जवळच्या शिलकीवर वाजत राहतो. शिलक संपली की शांतता. म्हणून इथे जुन्या रेडिओसारखी खरखर नसते, आवाज एकदम गडपच होतो.

पण पुष्कळ लॅपटॉपांत वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर असतात, आणि अँटेनाही कधीकधी सामाईक असते. गुरुजींच्या मोबाइलवरून वाय-फायने धडा उतरतो आहे आणि त्याच वेळी स्पीकरलाही आवाज पाठवायचा आहे, म्हणजे एका तोंडाने दोघांशी बोलणे आले. यावर उत्तम उपाय म्हणजे धडा आदल्या दिवशी उतरवून ठेवावा आणि वर्गात वाय-फाय बंद करावे. ते जमत नसेल तर मोबाइल यूएसबीच्या तारेने लॅपटॉपला जोडून इंटरनेट घ्यावे. दोन्ही यंत्रांत सोय असल्यास हॉटस्पॉट 5 गिगाहर्ट्झवर ठेवला तरी चालते.

आणखी एक चोर आहे, तो चटकन लक्षात येत नाही. यूएसबी 3 जातीची हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह काम करताना याच पट्ट्यात गोंगाट सोडते. ती काढून पाहा, किंवा दुसऱ्या बाजूच्या खाचेत लावा.

संबंध पुरताच तुटत असेल, तर आधी गुरुजींच्या खिशात पाहावे! तोच स्पीकर त्यांच्या मोबाइललाही ओळखत असतो, आणि मोबाइल त्याला आपल्याकडे ओढून घेतो. वर्गापुरते मोबाइलचे ब्लूटूथ बंद करा. नंतर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथच्या नोंदीवर ‘पॉवर मॅनेजमेंट’ असे पान दिसल्यास, वीज वाचवण्यासाठी यंत्र बंद करण्याच्या परवानगीची खूण काढून टाका. तेवढ्याने भागले नाही तर स्पीकरचे नाव यादीतून पुसून नव्याने जोडणी करा.

आणि परीक्षेच्या दिवशी, श्रवणाचा प्रश्न मुलांना एकदाच ऐकवायचा असेल तेव्हा, स्पीकरला खाच असल्यास सरळ साधी तार जोडा.