"३२ व्हायरस सापडले!" म्हणणारा नकली अँटीव्हायरस कसा ओळखायचा आणि कसा काढायचा?



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. महिन्याची १९ तारीख, दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-३बी भरायची शेवटची तारीख. समोर गिऱ्हाईक उभं आणि काउंटरच्या कॉम्प्युटरवर अचानक लाल खिडकी: "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ३२ व्हायरस आहेत. लगेच साफ करा." सोबत कर्कश आवाज. मी बटण दाबलं. काहीतरी डाउनलोड झालं, त्याने दोन मिनिटं "स्कॅन" केलं आणि साफसफाईचे २,४९९ रुपये मागितले. टॅलीचा डेटा जाईल या भीतीने मी भरले. दुसऱ्या दिवशी तीच खिडकी परत आली. आता व्हायरस ५८!

बीबीए झालेला, दुसऱ्यांना धंदा शिकवणारा माणूस असा फसला. लाजेपायी तेव्हा कोणालाच सांगितलं नाही. आज सांगून राहिलो, कारण तुमच्याही दुकानात बिलिंग, बँक आणि उधारी सगळं एकाच कॉम्प्युटरवर असतं.

हा धंदा चालतो कसा?

नकली अँटीव्हायरस औषध विकत नाही, भीती विकतो. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कुठलीही वेबसाइट ब्राउझरमधून तुमची हार्डडिस्क तपासू शकत नाही. ते "स्कॅन" म्हणजे नुसतं चालतं चित्र.

हे जुनंच दुकान आहे. विनफिक्सर, एक्सपी अँटीव्हायरस अशा नावांनी १० लाखांहून जास्त लोकांना फसवल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ मध्ये केस केली. २०१२ मध्ये कोर्टाने त्यात १६.३ कोटी डॉलरचा आदेश दिला. आता फरक इतकाच, की खिडकीत फोन नंबरही असतो. फोन केला की समोरचा "मी कंपनीचा इंजिनियर" म्हणतो आणि तुमच्या कॉम्प्युटरचा ताबा मागतो. भारतातही असे कॉल सेंटर चालतात. सीबीआयने ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑपरेशन चक्र-२ मध्ये अशांवर छापे टाकले.

ओळखायचं कसं?

- घाई करतो: "५ मिनिटांत डेटा जाईल."
- फोन करायला लावतो. खरी कंपनी व्हायरसच्या इशाऱ्यात फोन नंबर देत नाही.
- तुम्ही कधी टाकलाच नव्हता, तरी आपोआप आला.
- विंडोज सिक्युरिटीच्या सेटिंग्जमध्ये "मॅनेज प्रोव्हायडर्स" उघडा. चालू असलेला खरा अँटीव्हायरस तिथे नावासकट दिसतो. तुमचा तिथे नसेल तर शंका घ्या.

काढायचं कसं?

१. खिडकीतलं काहीच दाबू नका, तिच्यातली फुलीसुद्धा नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजरमध्ये ब्राउझर निवडा आणि "एंड टास्क" करा. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर "रिस्टोर" विचारलं तर नाही म्हणा.

२. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये "नोटिफिकेशन्स" बघा. अनोळखी वेबसाइटला परवानगी दिलेली असेल तर काढून टाका. पुष्कळदा सगळा त्रास इथेच संपतो.

३. प्रोग्रामच बसला असेल तर आधी नेट बंद करा. सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी तारखेप्रमाणे लावा आणि त्या दिवशी आलेलं अनोळखी काढा. निघत नसेल तर शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा आणि सेफ मोडमध्ये जाऊन काढा.

४. उघडी कामं सेव्ह करा. मग विंडोज सिक्युरिटीमधून "डिफेंडर ऑफलाइन स्कॅन" चालवा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, साधारण १५ मिनिटं लागतात. हे फुकट आहे.

५. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या वेबसाइटवरही साफसफाईची टूल्स फुकट मिळतात. हे केंद्र २०१७ मध्ये सुरू झालं.

पैसे किंवा ताबा दिला असेल तर?

नेट तोडा आणि रिमोटचं ॲप काढा. बँकेचे, ईमेलचे आणि जीएसटी पोर्टलचे पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदला. बँकेला कळवा आणि लगेच १९३० ला फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं कठीण. माझ्यासारखं लाजून गप्प बसू नका.

धंद्याचा धडा

पुण्यात कैलास काटकर यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाइकांच्या मशीन व्हायरसने बंद पडायच्या, म्हणून धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर प्रोग्राम लिहिला. त्यातूनच १९९५ मध्ये क्विक हील बाजारात आलं. गिऱ्हाइकाची खरी अडचण सोडवली, धंदा उभा राहिला. नकलीवाले उलटं करतात: अडचण तेच तयार करतात आणि उपायही तेच विकतात. आपण कोणत्या बाजूचे दुकानदार व्हायचं, हे आपणच ठरवायचं.

आणि हो, आज दुकान बंद करायच्या आधी एक काम करा. टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो काढून ठेवा. डेटा हातात असला की लाल खिडकीची भीती अर्धी होते.

भेटू पुढच्या व्हिडिओत!